माया

डॉक्टर बाबरांनी कागदावर लिहून दिलं :
रोज चाळीस मिनिटं. भात कमी.
आणि एक आकडा, उपाशीपोटीचा,
जो मी ऑफिसात कुणाला सांगितला नाही.

म्हणून बोगद्यापासून किल्ल्याचा चढ.
पहाटे साडेपाच. मुलानं पाठवलेले बूट,
मनगटावर त्याचंच घड्याळ, पावलं मोजणारं,
कमी भरली की थरथरणारं.
पहिला आठवडा शेडगेबाई होत्या सोबतीला,
मग त्यांच्याकडे पाहुणे आले ते आलेच.
मी दुसऱ्या वळणावर थांबायचे,
न सुटलेली नाडी सोडून बांधायचे.

तिथंच दिसली रेघ.
विजेच्या खांबावर, कमरेएवढ्या उंचीवर, निळी, बोटभर.
पुढच्या खांबावर दोन. त्यापुढं एक.
मग खांब कोरे, थेट टॉवरच्या लाल दिव्यापर्यंत.
वाटलं, वायरमनची काही खूण असेल.

रेघवाली गुरुवारी भेटली.
साठीची. सहावारी, खाली कॅनव्हासचे बूट,
डाव्याचा चवडा घासून पांढरा.
डावा हात पदरात, झोपलेल्या पोरासारखा.
उजवा पाय पुढं टाकायची,
डाव्याला बोलवायची.
तो यायचा. आपल्या वेळेनं यायचा.
खांबाला टेकली, पोलक्यातून खडू काढला,
त्रिकोणी, चपटा, शिवणकामाचा,
रेघ ओढली आणि वळली.
वर पाहिलंसुद्धा नाही.
किल्ला तिच्या हिशोबातच नव्हता.

मग मी घड्याळाआधी खांब वाचू लागले.
सोमवारी नववा. मंगळवारी नववा.
बुधवारी दहावा, आणि मी घरी बिनसाखरेचा शिरा केला,
तो कुणी खाल्ला नाही.
शनिवारी सहावा.
सहाव्यावरही तेवढीच लांब, तेवढीच ठसठशीत.
मी असते तर त्या दिवशी ओढलीच नसती.
मी तर कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर
ओट्यापाशी हात हलवून
उरलेली पावलं भरली होती, दोनदा.
पुण्यात मुलाला दिसतात म्हणून.

एकदा खडू निसटला, उतारावर जाऊन पडला.
मी वाकले.
"ऱ्हाऊ द्या."
आधी खांबाला पाठ. मग एक गुडघा.
मग दुसऱ्या गुडघ्याची वाट.
पोलीसभरतीची पोरं धापा टाकत वर गेली;
तिचा हात खडूला लागला तेव्हा
त्यातली पुढची दोघं वळणाला शिवून परत येत होती.
उभी राहिली, घामेजलेली,
आणि मला पहिल्यांदा नीट पाहिलं,
चेहऱ्याकडं नाही, खांद्याकडं.
"दीड इंच."
मला कळेना.
"डरेस उतरतोय खांद्यातनं. दीड इंच गेलासा तुमी."

चार महिने काट्यावर श्वास धरून उभी राहत होते.
घरात कुणाच्या नजरेला आलं नव्हतं.
आणि जिला मी चोरून मोजत होते
तिनं टेपसुद्धा न लावता माझं माप घेतलं होतं.

म्हटलं, आत घ्यायला टाकते मग.
अर्ध्या तोंडानं हसली,
उरलेलं अर्धं अजून शिकत होतं.
"घ्या की. पर कापू नगा.
शिवणीत माया ऱ्हाऊ द्या.
आज उतरलं, उद्या चढंल. मानूस हाय."
आणि आठव्या खांबावर रेघ ओढून निघाली.
आदल्या दिवशी अकरावा होता.

नाव विचारायचं राहिलं.
दिवाळीनंतर दिसेना.
लेकीकडं गेली असेल. किंवा सापडला असेल
एखादा सपाट रस्ता.
सगळ्यात वरची रेघ चौदाव्यावर आहे,
पण शेवटची कुठली, ते रेघा सांगत नाहीत.

परवा मी टॉवरपर्यंत पोचले.
खाली अख्खा सातारा, दिवे एकेक मालवत होते,
झाडीत मोर ओरडला.
फोटो काढायचं सुचलं नाही.

आज पोटरी धरली. चौथ्या खांबावरून परत.
घरी येऊन ड्रेस उलटा केला, शिवण पाहिली :
आत दोन बोटं कापड, दुमडलेलं,
रंग अजून नव्यासारखा.