उमदीची गाडी

एकशे वीस खाटा. लिफ्ट दोन, त्यातली एक चालू.
जनरेटर गच्चीवर:
पुराच्या वर्षानंतर तळघरातून वर नेला,
क्रेनचं बिल अजून फायलीत आहे, मी पाहिलं.
सांगलीत, गावभागाच्या कडेला, या ट्रस्टच्या इस्पितळात
तीन आठवडे एका स्टुलावर बसून
मी वेळ मोजते आहे.

एक खाट एक दिवस चालवायला काय पडतं?
वीज, पाणी, फिनेल, पगार, चादरींची धुलाई,
भिंतींच्या पोपड्यांचाही वाटा बसवलाय त्यात
चौरस फुटाप्रमाणे.
आकडा आला. इथे सांगत नाही,
आधी ट्रस्टींनी ऐकायचा आहे.

अडलं ते बायकांच्या वॉर्डात.
डॉक्टर साडेदहाला लिहितात, घरी जाऊ द्या.
बाराला बिल होतं.
आणि खाट रिकामी होते
चार चाळीसला.
बाई रोज वेगळी, चार चाळीस तेच.
खाली कॅज्युअल्टीत तोवर कुणीतरी बाकावर,
स्वतःचीच सलाईन स्वतः उंच धरून.
मी लाल शाईनं लिहिलं: वाया गेलेले तास.
रोजच्या सात-आठ बायका, बेरीज केली, चोवीसनं भागलं.
दीड खाट.
दीड खाट आपण नुसती बांधून ठेवलीय.
मला तो आकडा आवडला, खोटं कशाला बोलू.
पडद्यावर शोभला असता.

शालन सिस्टरना विचारलं, एवढा उशीर का होतो?
त्या इंजेक्शनचा ट्रे भरत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"उमदीची गाडी सव्वापाचला."

दस्तगीर मुजावर वायरमन, पण पंप, लिफ्ट, गळती
सगळं त्यांच्याच गळ्यात.
ते शिडीवरून बोलले, खाली न उतरता:
"सिझरची बाई, पदरात पोर,
सोबतीला म्हातारी सासू आन् चार पिशव्या.
तिला स्टँडवर पत्र्याखाली पाच तास बसवू व्हय?
टाकं काय ताई, टाइमटेबल बघून भरत्यात?"
मग पक्कड खिशात घातली.
"कानडी येत न्हाई मला.
पर बसवत न्हाई म्हणत्यात, ते कळतं."

पश्चिमेच्या खिडक्यांना त्यांनी गोणपाट बांधलंय,
दुपारी दोनदा भिजवतात.
पाण्याच्या खर्चात जे चाळीस लिटर
मला कुठेच सापडत नव्हते,
ते तिथे थेंब-थेंब गळत होते.

रात्री लॉजवर तक्ता पुन्हा उघडला.
विलंबाचं कारण: कर्मचारी, कागदपत्रं, इमारत, रुग्ण.
आणि शेवटी, बोटभर रुंद, इतर.
एसटीला रकाना नाही.
सासूला नाही.
मी 'इतर' ओढून रुंद केला,
तर पान आडवं करावं लागलं.

सकाळी तळमजल्यावरची जुनी रेकॉर्डची खोली मोजली.
चौदा बाय अठरा. दोन पलंग, सहा खुर्च्या, एक पंखा,
एक मोरी जवळच.
इथे बसतील बायका, वर खाटा मोकळ्या होतील बाराला,
खर्च क्रेनच्या बिलापेक्षा कमी.
दस्तगीरभाईंना दाखवली.
ते भिंतीपाशी गेले, जिथे पुराची रेघ आहे,
माझ्या खांद्याला लागते.
"हात लावा."
लावला.
"अजून आत कृष्णाच हाय," ते म्हणाले,
"तान्ही पोरं ठेवणार इथं?"
तळव्याला चुना आणि गारवा.
मी टेप गुंडाळली.

अहवालात आता शिफारस क्रमांक सहा अशी आहे:
आधी भिंत सुकवावी, मग खोली.
सुकायला किती दिवस, हे माझ्या शास्त्रात नाही,
म्हणून कंसात त्यांचं नाव लिहिलं.
आणि दीड खाट
लाल शाईतून काळ्या शाईत आणली.
बाकावरचा तो सलाईनवाला मात्र
कोणत्याच शाईत नीट बसला नाही.

निघताना ते जिन्यात भेटले, खांद्यावर वायरचं वेटोळं.
"दुसऱ्या लिफ्टचं लिहिलंसा का?"
लिहिलंय, म्हटलं. पान अकरा.
"बरं," म्हणाले, एक पायरी चढले, थांबले.
"मागच्या साहेबांनीबी
अकरावरच लिहिलं हुतं."