अर्धी चादर

परळच्या हॉस्पिटलात, तळघरातल्या लाँड्रीत
चादर एकट्याने घडी होत नाही.
म्हणजे होते,
पण मग ती चादर नसते, बोचकं असतं.

दोन टोकं माझ्याकडे, दोन फिलोमिनाकडे.
झटका. ताण. टोकाला टोक.
मग ती चालत माझ्यापर्यंत येते,
आपली टोकं माझ्या हातात देते,
वाकून लोंबती घडी उचलते.
अकरा वर्षं, दिवसाला चारशे वेळा
ही बाई माझ्याकडे चालत आली आहे
आणि तिच्या घरी माणसं किती,
मला नीट ठाऊक नाही.

नवे सुपरवायझर खोपकर वही घेऊन आले.
माणशी आकडा हवा, कुणी किती केल्या.
मी लिहिलं, चारशे अर्ध्या.
चेष्टा नको, नाईकधुरे, म्हणाले.
फिलोमिना म्हणाली, मग उभ्या फाडून देऊ का, साहेब?
शेवटी सम तारखा माझ्या नावावर, विषम तिच्या.
एकतीसच्या महिन्यात ती एक दिवस पुढे.

मार्चमध्ये आम्ही भांडलो.
कारण सांगण्यासारखं नाही, सुकटीच्या डब्यावरून.
नऊ दिवस अबोला.
चादरींना पत्ताच नाही,
एक सुरकुती नाही कुठे.
नवव्या दिवशी ताण देण्याआधी
ती जराशी थांबली, माझ्या उजव्या खांद्याकडे बघत.
मी मान हलवली, बरा आहे.
झालं बोलणं.

मग ती मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेली.
(तेव्हा कळलं, मुलगी आहे.)
जागेवर सुजय आला. चपळ पोरगा, हात चांगला.
पहिल्याच तासात माझ्या अंगठ्याखाली डाग आला,
रक्ताचा, धुऊन धुऊन चहासारखा झालेला.
मग आणखी एक. मग पिवळा.
अकरा वर्षांत माझ्या टोकाला डाग नव्हता.
मी समजत होतो,
आपलं धुलाई खातं चोख आहे.

सुजयला काही बोललो नाही.
पुढची चादर गाड्यातून उचलली,
उजेडाकडे धरली, फिरवली,
डागाचं टोक माझ्याकडे घेतलं.
पोरगा कुठल्याशा मॅचचं सांगत होता,
त्याचं लक्ष नव्हतं.

त्या दिवशी वहीत दोनशे नव्वद.
आकडा पडला, खोपकर म्हणाले.
हो, म्हटलं,
बघून घ्यायला वेळ लागतो.