केसभर डावीकडे

वडिलांचा वस्तरा उघडला तेव्हा
पात्यावर तांबूस पुरळ उठलं होतं,
फक्त तेवढ्याच भागावर
जेवढा मुठीत मिटून राहायचा.
सेल्युलॉइडची पिवळी मूठ, हस्तिदंताचं सोंग घेतलेली,
म्हातारी होता होता आंबली होती
आणि आतल्या आत वाफ सोडत
ज्याला जपायचं त्यालाच खात होती.

हे एकट्या वस्तऱ्याचं नाही म्हणा.

मी दातांच्या कवळ्या करते,
सावोन्लिन्नात, तळ्याकडच्या गल्लीत, बावीस वर्षं.
कुणाच्या तोंडात काय बसेल, काय बोचेल
हे आता बोटांनाच कळतं.
वडिलांची कवळीही माझीच.
तिला त्यांनी आजवर बरं म्हटलेलं नाही.

लाकूड सौनामागच्या बर्चचं.
खुरटं, वाकडं, अंगभर आवाळू.
'ना होडीच्या कामाचं, ना धड जळायचं,'
म्हणत ओइवा हेइस्कानेन
दर ऑक्टोबरात कुऱ्हाड घेऊन निघायचे,
आणि आई दारातून म्हणायची,
'आधी कॉफी घ्या.'
एकेका कपानं ते झाड वाचत गेलं.
आई गेली त्या हिवाळ्यात
बर्फाच्या भारानं आपणच आडवं झालं.

चार वर्षं शेडमध्ये सुकवलं.
करवत घातली तर आत तपकिरी ज्वाळा.
झाडाचं दुखणंच ते,
चिरल्यावर नक्षी दिसतं.

दोन पट्ट्या कापल्या, तीन-तीन मिलिमीटर.
दुहेरी चिकटपट्टीनं एकमेकींना बांधल्या,
म्हणजे कानस एकीला लागेल ते दुसरीलाही लागेल.
पोट थोडं फुगीर, शेपटीकडे निमुळतं.
कवळीचं बारीक ड्रिल कामी आलं:
पितळी खिळीसाठी भोक, हिरडीत जावं तसं हलकं.
मग जवसाचं तेल, चिंधीनं,
रात्री एकदा, सकाळी एकदा, आठवडाभर.
क्लिनिकभर वास. पेशंट विचारायचे,
'हिल्का, स्वयंपाक करतेस का इथं?'

पाचर सगळ्यात नाठाळ.
एरवी पाचर मारली म्हणजे काम बिघडलं,
इथे तिच्यावाचून काम उभंच राहत नाही.
नखाएवढा तुकडा, दोन्ही बाजूंनी उतरता,
तीच ठरवते
पातं मिटताना मधोमध उतरेल
की लाकडाला चावेल.

पहिली जोडी शेवटच्या टिचकीला गेली.
खिळीचं डोकं जवळजवळ गोल झालं होतं.
मला वाटलं, अजून एक.
टक्.
भोकापासून टोकापर्यंत उभी चीर.
त्या रात्री मी कुणाशी बोलले नाही.
तशीही घरात कुणी नव्हतं.

दुसरीला शेवटची टिचकी मारलीच नाही.

लाकूडगिरणीत मुकादम होते ते.
चाळीस माणसांची रोज बिनपाण्यानं करायचे,
घरी आल्यावर उरलेली माझी.
आता उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा,
आणि नर्स दर मंगळवारी
घुंई करत मशीन फिरवते गालावरून.
ते भिंतीकडे बघत बसतात.

वस्तरा मी डाव्या हातात दिला.
अंगठ्यानं त्यांनी तपकिरी ज्वाळा चाचपल्या.
ओळखलं की नाही, कळलं नाही.
उघडला. मिटला.
कानाशी नेऊन पुन्हा मिटला.
झटक्यानंतर शब्द त्यांना
विहिरीतून बादली ओढावी तसे ओढावे लागतात.
मी थांबले. बादली वर आली:
'केसभर.
डावीकडे.'

अडीच वाजले होते, नोव्हेंबरचा उजेड सरत आलेला.
खिडकीशी नेऊन, चष्मा वर सारून पाहिलं.
पातं मिटताना खरंच डावीकडे झुकत होतं,
केसभर.

हसू आलं, आणि रागही,
जुनाच, ओळखीचा, अगदी मापाचा.

कोमट पाण्यात ब्रश बुडवला,
फेस केला, पट्ट्यावर पातं फिरवून घेतलं.
'मान वर करा,' मी म्हटलं.
त्यांनी केली.