साडेतीन

सावर्ड्याला आमच्या दाराआडच्या खिळ्यावर
एक पारदर्शक पिशवी टांगलेली असते.
पाहुणे विचारतात, प्रसाद गो?
आत चार नंबरची नळी, एक साडेतीनची,
बोथट कात्री, फीत, सलाइनच्या कुप्या
आणि एक गुंडाळलेला टॉवेल,
जो घरात कुणीही, कितीही भिजून आलं तरी, घ्यायचा नाही.

शर्वाणीच्या गळ्यात चारची आहे.
नऊ महिन्यांची होती तेव्हा पहिली बसवली,
आता पाच सरलीत.
नंबर वाढत गेले, फ्रॉकसारखे.

रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जातात.
तांबडी धूळ तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर.
मी खिडकीला ओला पंचा बांधते,
दिवसातून चारदा पिळते
आणि बादलीतलं पाणी बघून ओळखते
आज मशीन किती वेळा लावावी लागेल.

बांबोळीला सिस्टर एस्पेरांसानं शिकवलं,
कापडी बाहुलीच्या मानेला भोक पाडून.
आत जाताना ओढायचं नाही, बाहेर येताना ओढायचं.
दहा मोजायच्या आत बाहेर.
फितीखाली एक बोट जावं, दोन नको.
आणि रडपाचें तें मागीर.

चवथीच्या दुसऱ्या रात्री
माटोळीसमोर घुमट तापले होते,
कुणीतरी धूप जास्त घातला.
मुलगी मला ताट वाजवून बोलावते,
चमच्यानं, दोन ठोके.
त्या रात्री एकच आला.
तिला किंचाळता येत नाही
हे मला पाच वर्षं माहीत होतं.
आरतीच्या मध्यावर ते पुन्हा कळलं.

मशीनची नळी बोटभर गेली आणि अडली.
ओठांचा रंग मी इथे लिहीत नाही.

पिशवी ओढली, ती खिळ्यासकट आली.
टॉवेल खांद्यांखाली. फीत कापली. जुनी काढली.
चारची घेतली, बाक देत, हळू.
नाही.
पुन्हा.
नाही.
दिराच्या हातातली विजेरी थरथरत होती.
मी म्हटलं, सोयरू, कोपर भिंतीला टेक.

मग साडेतीनची.
साडेतीन हात देह, साडेतीन मुहूर्त,
शाळेत घोकलं होतं सगळं.
तो अर्धा कशासाठी असतो, कुणी सांगितलं नव्हतं.

गेली.
आतली सळी काढली
आणि तळवा धरला भोकासमोर.
आधी काहीतरी ओलं आलं.
मग वारा,
पेजेवर फुंकर घालावी तेवढा.
मग ती खोकली, थेट माझ्या कपाळावर.
फोंडा येईपर्यंत मी ते पुसलं नाही.

डॉक्टर म्हणाले, टोकाशी मांस वाढलंय.
बाहेरच्या वस्तूला शरीर असं कवळतं.
दुर्बीण घालून काढू. परत वाढेल कदाचित.
नळी कायमची कधी निघेल, मी विचारलं नाही,
तेवढं आता शिकलेय.
त्यांनी विचारलं, घरी कुणी बदलली?
मी.
काय करता?
काजूच्या कारखान्यात, सोलायला.
त्यांनी कागदावर काही लिहिलं,
अक्षर नेहमीसारखंच, लागेना.

परतताना बसमध्ये मी लोकांचे गळे बघत होते.
कंडक्टरचा, शिट्टी फुंकताना फुगणारा.
मासळीवालीचा, घामानं चमकणारा, एक काळा मणी.
एका पोराचा, उसाचा रस उतरताना.
सगळे अगदी निष्काळजी.
शर्वाणी खिडकीशी, मी तिच्या गळ्यावर ओढणी धरून,
धुळीसाठी. लोकांच्या नजरेसाठी नाही,
त्या आता टोचत नाहीत.
फारशा.

रडू मागाहून येईल म्हणून वाट पाहिली.
घरी पोचलो तर दिरानं नवा खिळा ठोकून ठेवलेला,
पहिल्यापेक्षा पुष्कळ खाली,
तिचा हात पोचेल इतका.
मी आधी रागावलेच त्याच्यावर.
मग पिशवी अडकवली.