भोकातला घोडा

बारा सेंटला घेतला होता.
सात लुडमिलाचे, पाच माझे;
म्हणून आधी तिनं वाचायचा, आणि मी
पायरीवर बसून तिचा चेहरा वाचायचा.
'तांब्याचं घुबड', अंक नववा.
यंगस्टाउनचं आकाश तेव्हा रात्रीही तांबडं असायचं,
पोरांना दिवा लागत नसे.

आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलाय,
कणा उसवलेला,
पिनांच्या गंजाचे दोन तपकिरी डोळे,
वडिलांनी लावलेली चिकटपट्टी मधासारखी पिवळी,
आणि एकविसाव्या पानाच्या कोपऱ्यात
काडेपेटीएवढं चौकोनी भोक.

भोकाच्या मागच्या बाजूला कूपन होतं:
अदृश्य शाईचं पेन, फक्त पन्नास सेंट.
लुडमिला म्हणते मी कापलं. मी म्हणतो तिनं.
पेन आलं. शाई इतकी अदृश्य, की
त्या उन्हाळ्यात कुणी काय लिहिलं
ते आजवर कळलेलं नाही.

लेरॉय फिंचनं भिंगातून पाहिलं, ओठ मुडपले.
"असाच्या असा साडेतीनशे.
भोक नसतं, तर चार हजार."
अंत्यविधीला आलेला डॉक्टर
सिगारेटबद्दल बोलतो, तसं म्हणाला.

पिट्सबर्गची ओडेट कागद बरे करते.
हातमोजे न घालता, नुसत्या धुतलेल्या बोटांनी
तिनं पानं उलटली. मला ते आवडलं.
पट्टी काढता येईल, म्हणाली, पिना बदलता येतील,
गव्हाच्या खळीनं जपानी कागद लावून
भोक बुजवेन, वर चित्र रंगवेन,
फक्त विकताना सांगावं लागेल: डागडुजी केलेला.
"धडक्या प्रतीचा फोटो आहे माझ्याकडे.
बघायचंय, तिथं काय होतं?"

तिथं काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं, साठ वर्षं.
घुबड खुर्चीला बांधलेलं.
खलनायक विचारतो, "किल्ली कुठाय?"
आणि भोकातून, तेविसाव्या पानावरचा,
भलत्याच गोष्टीतला, तबेल्यातला एक घोडा
मान बाहेर काढून सांगतो:
"ओट संपलेत."

काच कुणी फोडली? ओट संपलेत.
गृहपाठ झाला का? ओट संपलेत.
मिल बंद झाली त्या सोमवारी
वडील भरलेला डबा तसाच घेऊन आले,
टोपी न काढता बसले. म्हणाले, "आता काय?"
मीही त्याच भट्टीवर होतो, तेवीस वर्षांचा.
कुणी बोलेना.
मग लुडमिला, बशीकडे बघत, हळूच:
"ओट संपलेत."
वडिलांनी कॉमिक कधी वाचलं नव्हतं, फक्त चिकटवलं होतं.
तरी हसले. डोळे पुसावे लागले, इतके.

ओडेटनं फोटो पुढे केला. पाहिला मी.
घुबड म्हणतं, "मला माहीत नाही."
एवढंच.

रात्री टूसॉनला फोन लावला.
"वीक," लुडमिला म्हणाली. "बॉयलर मेलाय तुझा,
नोव्हेंबर लागलाय. आणि विसरू नकोस,
सातबारा माझ्या नावावर आहे."
मी तिला फोटोतलं उत्तर सांगितलं.
पलीकडे बराच वेळ नुसतं वाळवंट.
"काय बावळट घुबड," ती म्हणाली. मग,
"भोक राहू दे."
मग, "पण माझे सात?"

ओडेट पिना बदलतेय. पट्टी सोडवतेय.
पट्टीच्या एका टोकाखाली वडिलांच्या अंगठ्याचा
काजळी ठसा अडकलाय. तो राहील का, विचारलं.
बघू, म्हणाली. वचन दिलं नाही.

बॉयलरवाला हप्त्यांवर तयार झालाय.
तोवर दोन स्वेटर.
पुठ्ठ्यावर एक निकेल आणि दोन पेनी चिकटवून
पाकिटात घातलेत;
वरचं तिकीट त्यांच्या कितीतरी पट महाग.
आत चिठ्ठी, एका ओळीची, चांगल्या ठसठशीत शाईत:
कूपन तूच कापलंस.