दुरुस्ती अर्ज

निंगव्वाचा अंगठा मशीन घेत नाही.
रेशनच्या दुकानात तीनदा, बँकेत दोनदा,
तलाठ्यानं तर स्वतःच्या रुमालानं पुसून पाहिला.
चिंचा फोडून फोडून रेघा गेल्यात.
फक्त हक्कसोडपत्रावर तो लख्ख उठलाय,
निळा, रुपयाएवढा,
आणि खाली कुणीतरी नेटक्या अक्षरात लिहिलंय:
वाचून दाखवले, समजले, राजीखुशीने.

वाचून दाखवले.
जिला जन्मापासून ऐकू येत नाही, तिला.

शेजारीण महादेवी तिला घेऊन आली,
जतहून पहिल्या एसटीनं, विजयनगरच्या कोर्टात.
सांगायला मराठीत सुरुवात करायची,
राग चढला की कन्नडमध्ये शिरायची,
आणि निंगव्वा दोन्ही भाषांच्या बाहेर उभी,
माझ्या गाऊनकडे बघत.
मग तिनं दोन्ही हात पसरून फडफडवले.
महादेवीनं पदर तोंडाला लावला.
"कावळा म्हणती तुमाला."

अर्ज लिहिला. अर्ज मला येतात.
चौदा परिच्छेद, गट नंबर, चतुःसीमा,
दस्त रद्द व्हावा, तिच्या हिताचं कुणी बघणारं नेमावं.
समोर भाऊ, शिवगोंडा.
"तीस वर्षं मीच खाऊ घातलं, साहेब.
ताप आला तवा मिरजेला मीच नेलं."
खोटं नव्हतं ते.
तारखेला येताना तो तिच्यासाठी केळी आणायचा.
ती खायची.

खुणांचे मास्तर बोलावले, शाळेतले.
त्यांच्या खुणा शिकलेल्या, हिच्या घरच्या.
मास्तर घामाघूम.
शेवटी महादेवीची नात अंबिका, इयत्ता चौथी,
शाळा बुडवून न्यायाधीशबाईंच्या चेंबरमध्ये,
खुर्चीत पाय लोंबकळत.

विचार तिला, जमीन हवी का.
अंबिकानं फरशी थोपटली, खांदे उडवले.
निंगव्वानं अंगठा मुडपून चार बोटं दाखवली.
मग कपाळावर शिंगं.
मग हनुवटीखाली दाढी ओढली.

"शेळ्या," अंबिका म्हणाली.
"मामानं इकल्या, अंगठा घेतला त्याच दिवशी.
कुठं हायत त्या, म्हणती."

चौदा परिच्छेदांत शेळी नव्हती.
न्यायाधीशबाई माझ्याकडे बघत होत्या.
मी कागद चाळत राहिले,
जणू असेल कुठेतरी.

माझंही एक हक्कसोडपत्र आहे.
तासगावला, राखीच्या आठवड्यात,
वहिनीनं थर्मासमधून चहा आणला होता.
मसुदा मीच तपासला, एक वेलांटी सुधारली.
राजीखुशीने. साडी चांगली दिली.
काय हवंय ते कुणी विचारलं नाही,
आणि मी, वकील, मीही नाही.
बेदाण्याच्या शेडची किल्ली पर्समध्ये आहे अजून.
कुलूप त्यांनी केव्हाच बदललं.

सकाळी दुरुस्ती अर्ज घातला.
परिच्छेद पंधरा: शेळ्या, नग चार.
टायपिस्ट बागवान थांबला. "नग, मॅडम?"
मग नावं टाकू म्हटलं, तर नावं हातातली.
एकीसाठी ती कान ओढते. लिहिलं: कान फाटकी.
एकीसाठी लंगडत दोन पावलं चालते.
तिसरीसाठी पोटावरून हात फिरवते,
गाभण की पांढरी, अंबिका दोन्ही म्हणाली.
चौथीसाठी स्वतःच्या गालाला हात लावून
गप्प बसते.
तिथं मी जागा कोरी सोडली.

आज तारीख.
व्हरांड्यात शिवगोंडा केळं सोलतोय.
पुकारा झाला: निंगव्वा भ्रतार मयत, हाजिर हो.
शिपायाचा आवाज खणखणीत,
जिन्यापर्यंत माणसं वळली.
ती बाकावर, पाठ करून, ऊन बघत बसलेली.

मी समोर जाऊन उभी राहिले
आणि गाऊनच्या बाह्या पसरून
फडफडवल्या.