शब्दाला चाळीस पैसे

मुंजाजी, तू विचारलंस म्हणून सांगते,
नाहीतर मी कुणाला शिकवत नाही;
माझ्याच तीन लेखांचे पैसे अजून लटकलेत.

पहिला परिच्छेद लिही. मग काढून टाक.
तो लेख नसतो, घसा खाकरणं असतं.

हळदीवर लिहिलं होतं मी एकदा, इथंच, वसमतला बसून.
मोंढा घरापासून सातशे पावलं,
आणि गेले नव्हते.
लिहिलं, 'हळद आधी वाळवतात, मग शिजवतात.'
छापून आलं, नावासकट.
तिसऱ्या दिवशी गिरणीत इरबाजी हमाल भेटला.
डब्याचं झाकण लावत म्हणाला,
"ताई, म्हंजे आमी इतके वर्सं उलटंच करायलो व्हय?"
हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी आधी चप्पल घालते, मग लिहिते.

मोंढ्यात गेल्या गेल्या वही काढू नकोस,
वही दिसली की माणसं छापील बोलतात.
पोत्यावर बस. हात पिवळे होऊ दे.
अडत्याला वजन विचार, हमालालाही वजन विचार.
आकडे जुळले नाहीत
तर तिथंच तुझा लेख आहे.

'पिवळं सोनं' तेवढं लिहू नकोस.

लिहिलेलं कुणाला तरी वाचून दाखव.
मी नणंदेला दाखवते, ती भाकरी थापत असते.
"काय म्हणलीस?" आलं की वाक्य फोडते,
तिचा हात थांबला की ठेवते.
गेल्या वर्षात दोनदा थांबला.
एकदा भाकरी करपली, तो लेख बरा होता.

शब्द मोजून पैसे, म्हणून तू शब्द वाढवशील.
मीही वाढवले: 'अत्यंत', 'खऱ्या अर्थाने', 'या ठिकाणी'.
एका लेखात असले साठ निघाले.
चोवीस रुपये. स्टँडवरचे दोन चहा.
दोन चहांसाठी मी लेखात पाणी घातलं.

बिल लेखासोबतच पाठव.
'सवडीनुसार' लिहू नकोस, तारीख लिही.
सवड त्यांना कधीच नसते.

आणि हे कुणाला सांगू नकोस:
इरबाजीच्या पाठीवर, खांद्याखाली,
पोत्याच्या शिवणीएवढा घट्टा आहे.
त्यावर लिहितेय.
कुणी मागितलेलं नाही, शब्दाला काही नाही.
सहाशे शब्द झालेत.
पहिला परिच्छेद अजून काढवत नाही.